अर्धा परका गर्भ

मातेच्या उदरातील गर्भ हा तिच्या शरीराच्या दृष्टीने अर्धा परका असतो, कारण त्याची निम्मी जनुके पित्याकडून आलेली असतात. दुसऱ्याच्या त्वचेचा तुकडा शरीरावर बसविला, तर शरीर तो थोड्याच दिवसांत झिडकारते. मग गर्भ नऊ महिने कसा सांभाळला जातो? पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये हा प्रश्न नेमकेपणाने मांडला.

आपले कोण व परके कोण, हे शरीर पेशींवरील एचएलए नावाच्या रेणूंवरून ओळखते. हे रेणू माणसागणिक अतिशय भिन्न असतात. परंतु गर्भाच्या ज्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात शिरतात, त्यांच्यावर यांपैकी ए व बी हे प्रमुख रेणू नसतातच. तेथे एचएलए-जी हा रेणू असतो, असे १९९० मध्ये दाखवून देण्यात आले. तो सर्व माणसांत जवळजवळ एकसारखा असतो. मातेच्या मारक पेशींना त्याचा स्पर्श झाला की त्यांची आक्रमकता आवरते. परक्याने आपले नाव लपवून सर्वांच्या ओळखीचा परवाना पुढे करावा, तसाच हा प्रकार. (‘मारक’ हे नाव येथे थोडे फसवेच आहे, गर्भाशयातील या पेशी रक्तवाहिन्या रुंदावून गर्भाच्या पोषणास हातभारही लावतात.)

१९७८ मध्ये इंग्लंडमध्ये लुईस ब्राउन जन्मली, आणि शरीराबाहेर फलन झालेला भ्रूण वाढू शकतो हे सिद्ध झाले. मात्र एका वेळी अनेक भ्रूण तयार झाले, तर गर्भाशयात कोणता ठेवावा? अनेक ठेवले तर जुळ्यातिळ्यांचा धोका. एकच ठेवला आणि तो रुजला नाही, तर दांपत्याची आशा, पैसा आणि स्त्रीने सोसलेली इंजेक्शने, सारे व्यर्थ. म्हणून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मोठे कुतूहल निर्माण केले. भ्रूण ज्या द्रवात वाढविले होते, तो द्रवच तपासण्यात आला. ज्या स्त्रियांच्या एकाही भ्रूणाच्या द्रवात एचएलए-जी सापडला नाही, त्यांच्यापैकी कोणालाही गर्भ राहिला नाही. भ्रूणाला धक्का न लावता त्याची परीक्षा करता येईल, असे वाटू लागले.

पुढे मात्र या रेणूचा मागमूस नसलेल्या भ्रूणांपासूनही गर्भधारणा झाल्याची उदाहरणे पुढे आली. काही प्रयोगशाळांत मोजलेले प्रमाण तर इतके अधिक होते की इवल्याशा भ्रूणाने एवढे प्रथिन निर्माण करावे तरी कसे, अशी शंका घेतली गेली. या रेणूचे पूर्ण रूप घडविणारे जनुक दोन्ही बाजूंनी निकामी असलेल्या निरोगी व्यक्तीही आढळल्या आहेत. ही चाचणी नित्याच्या उपचारात रूढ झाली नाही. भ्रूणाची निवड अजूनही मुख्यतः सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार व पेशींची वाढ पाहूनच केली जाते.