बर्फ ढकलणाऱ्या पिकअपला मागून वजन कसे द्यावे

मिशिगन, मिनेसोटा किंवा बफेलोच्या बाजूला घर केलेल्या मराठी माणसाला एकदोन हिवाळ्यांत कळून चुकते, की फावड्याने ड्राइव्हवे मोकळा करणे कमरेला परवडत नाही. मग पिकअप येतो, त्याला पुढे प्लाऊ लागतो आणि पहिल्याच बर्फात मागची चाके जागच्या जागी गरगरू लागतात. टायरला बोल लावण्याआधी हौदा बघा. तो रिकामा असतो.

बैलगाडी भरणारा माणूस नुसते बघून सांगतो, गाडी धुरजड (पुढे जड) झाली की उलाळ (मागे जड). प्लाऊ लावलेला ट्रक धुरजड असतो. प्लाऊ पुढच्या ॲक्सलच्याही पुढे लटकतो, त्यामुळे पुढचे ओझे वाढते आणि मागचे उचलले जाते. हिशेब करू. दोन ॲक्सलमधले अंतर १४५ इंच, प्लाऊ ६०० पौंडांचा, आणि त्याचा भार पुढच्या ॲक्सलच्या ५८ इंच पुढे. मागच्या चाकांवरून २४० पौंड गेले आणि पुढच्यांवर ६०० नव्हे, ८४० चढले. प्लाऊ उचलून घेऊन जाताना ही स्थिती असते, आणि निसरड्या रस्त्यावर ब्रेक दाबण्याची वेळही तेव्हाच येते.

साहित्य: वाळूच्या ६० पौंडी लांबुळक्या पिशव्या (हार्डवेअरच्या दुकानात ‘ट्यूब सँड’ मागा), हौद्याच्या मापाची रबरी चटई, दोन बाय चारच्या लाकडी पट्ट्या, स्क्रू आणि दोन भक्कम रॅचेट पट्टे.

पहिले काम दारातले. ड्रायव्हरचे दार उघडले की चौकटीवर लेबल दिसते. पुढच्या ॲक्सलची मर्यादा, मागच्याची मर्यादा आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन, असे तीन आकडे त्यावर असतात. ते लिहून घ्या. मग प्लाऊच्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपले मॉडेल टाका. त्या जोडीला मागे किमान किती वजन हवे ते तिथे मिळते. शेजाऱ्याने किती टाकले हे विचारू नका. त्याचा ट्रक वेगळा, प्लाऊ वेगळा.

आता जागा, आणि सगळी गोम इथेच आहे. वजन मागच्या ॲक्सलच्या मागे, फाळक्याला लागून ठेवायचे. वरच्याच ट्रकमध्ये सहा पिशव्या, म्हणजे ३६० पौंड, ॲक्सलच्या २९ इंच मागे ठेवल्या तर मागच्या चाकांना ४३२ पौंड मिळतात आणि पुढची ७२ पौंडांनी हलकी होतात. त्याच पिशव्या ॲक्सलच्या २९ इंच पुढे, केबिनकडे सरकवल्या की मागे २८८ मिळतात आणि आधीच दबलेल्या पुढच्या ॲक्सलवर आणखी ७२ चढतात. पुष्कळ लोक पिशव्या केबिनला टेकवून ठेवतात, कारण तिथे त्या सरकणार नाहीत असे वाटते. सरकू नयेत म्हणून लाकूड आहे.

चटई अंथरा. चाकांवरच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागे हौद्याच्या रुंदीची एक आडवी पट्टी बसवा. तिच्यापासून दोन पट्ट्या पुढे, हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंत न्या आणि स्क्रूने पक्क्या करा. जोरात ब्रेक लागला तरी पिशव्या पुढे धावणार नाहीत. पिशव्या आडव्या रचा, वरून पट्टे टाकून हौद्याच्या कड्यांना आवळा. न बांधलेली पिशवी अपघातात केबिनची मागची काच फोडून आत येऊ शकते, म्हणून हा टप्पा गाळू नका. वाळू कोरडी घ्या. ओली पिशवी रात्रीत हौद्याला चिकटून गोठते आणि ओढताना शिवणीत फाटते.

हौद्यात बर्फच भरायची युक्ती काहीजण सांगतात. ताजे बर्फ फार हलके, ते हौदाभर पसरते, आणि त्याचे वजन किती हे कुणालाच ठाऊक नसते. सुटे लोखंड तर नकोच.

नंतर वजनकाटा. हायवेवरच्या ट्रक-थांब्यांवर ‘कॅट स्केल’ असतो. तो पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे छापून देतो. टाकी भरून, प्लाऊ उचलून, नेहमी बरोबर असतो तो माणूस बसवून ट्रक काट्यावर घ्या आणि पावती दारावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. मागे कमी असेल तर एकेक पिशवी वाढवा. पण पुढचा ॲक्सल मर्यादेबाहेर असेल तर पिशव्या रचत बसू नका. आपल्या उदाहरणात सहा पिशव्यांनंतरही पुढे रिकाम्या ट्रकपेक्षा ७६८ पौंड जास्तच राहतात. तिथे उपाय हलका प्लाऊ किंवा मोठा ट्रक, तिसरा नाही. उलट मागे गरजेपेक्षा जास्त भरले तर एकूण वजनाची मर्यादा ओलांडते.

टायरची हवा लेबलप्रमाणे भरा, हेडलाइटचा झोत तपासा. पहिल्या फेरीनंतर पट्टे पुन्हा आवळा. ते सैल झालेले असतात.

एखादी पिशवी फाटलीच तर ती वाळू ड्राइव्हवेच्या चढावर टाका. बर्फाचा मोसम संपला की पिशव्या उतरवा, चटई काढा आणि हौदा धुऊन घ्या. चटईखाली साचलेले रस्त्यावरचे मिठाचे पाणी तसेच राहिले तर पत्रा गंजतो.