गाव उठल्याची गोष्ट मुलांना सांगताना

पोफळी या वीजघराच्या गावातल्या मुलांना वीज कुठून येते हे तोंडपाठ असतं. घाटावरून कोयनेचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या पोटात उतरतं, जनित्रं फिरतात, 1962 पासून हे चालू आहे. ते पाणी अडवणाऱ्या धरणाखाली जावळी-पाटणकडची शंभरच्या आसपास गावं गेली, हे मात्र त्यांना कुणी गोष्टीसारखं सांगितलेलं नसतं. मोठ्यांसाठी विश्वास पाटलांची धरणग्रस्तांवरची कादंबरी ‘झाडाझडती’ आहे. मुलांसाठी माझ्या हाताला काही लागेना, म्हणून लुईझ अर्ड्रिक या अमेरिकी लेखिकेची, तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे जमातीतल्या, घर सोडावं लागलेल्या मुलीवरची पुस्तकं मी मराठीतून तोंडी सांगू लागलो. त्या बैठकांतून जे उमगलं ते असं.

1. उठवायची घाई करू नये. ‘द बर्चबार्क हाउस’ (1999) हे अख्खं पुस्तक सुपीरियर सरोवरातल्या मॅडलिन बेटावर एक वर्ष काढतं. उन्हाळ्यात सालींचं घर, वसंतात मेपलच्या चिकाची साखर, मधेच देवीची साथ. नायिका ओमाकायास सात वर्षांची. बहिणीचा हेवा करते, कातडी कमवायच्या कामाला कंटाळते. बेट सोडायचं संकट उभं राहतं ते दुसऱ्या पुस्तकात. कोयनाकाठ सांगताना मीही आधी नाचणी-वरीची शेतं, सारवलेली पडवी, मुंबईला माथाडी असलेल्या काकाची वाट पाहणं यांतच रमतो. मुलं ‘पुढे काय?’ म्हणून चुळबुळतात. चुळबुळू द्यावं. ज्या घरात आपण राहिलोच नाही, ते गेल्याचं कुणाला काय वाटणार?

2. सरकारी हुकूम मुलांच्या कानाने ऐकवावा. 1850 साली अध्यक्ष झॅकरी टेलर यांनी ओजिब्वेंना हलवण्याचा हुकूम काढला. करारानं ठरलेले पैसे बेटावर न देता दूर सँडी लेकला वाटायचे ठरले. पैसे उशिरा, अन्न कुजलेलं. तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून चारशेच्या आसपास माणसं गेली. मुलांपुढे हे आकडे मांडून काही होत नाही. ‘द गेम ऑफ सायलेन्स’मध्ये (2005) मोठी माणसं या संकटावर बोलत असताना मुलांना गप्प बसण्याचा खेळ लावून देतात, शेवटपर्यंत गप्प राहील त्याला बक्षीस. आमच्या पोरांना हे लगेच पटलं. ‘घरात कुजबुज सुरू झाली की आम्हालाही बाहेर पाठवतात,’ एकजण म्हणाला.

3. खलनायक हाती देऊ नये. समोरच्या कितीतरी मुलांचे वडील वीजघरातच कामाला. ‘मग माझे बाबा वाईट का?’ असं एका मुलीनं विचारलंच. मी म्हटलं, वीज सगळ्यांना हवी होती, घरं मात्र ठरावीक लोकांचीच गेली. तिला एवढं पुरलं. मोठ्यांना पुरत नाही असा माझा अनुभव आहे.

4. देवाचं काय झालं ते सांगावं. हा प्रश्न हमखास येतो. कोयनेची माणसं रायगड, ठाणे, सांगली, सोलापूर अशी पांगली. डोंगरउताराला शेती करणारा माणूस एकदम सोलापूरकडच्या काळ्या रानात. पुनर्वसनाचा कायदा 1976 चा, म्हणजे कोयनेची गावं उठल्यानंतरचा. माणसांनी गावदेव बरोबर नेले, वसाहतीला जुन्याच गावाचं नाव दिलं. मुलांना जमीन-मोबदल्यापेक्षा हे चटकन कळतं. मूर्ती टेम्पोत कशी ठेवली, पुढे कोण बसलं, असलं सगळं विचारतात.

5. शेवट गोड करू नये, पण खोटा काळोखही करू नये. 1852 साली नव्वदी ओलांडलेले ओजिब्वे नायक बफेलो होडीनं निघाले, वॉशिंग्टन गाठलं, अध्यक्ष फिलमोर यांना भेटले आणि हुकूम मागे घ्यायला लावला. 1854 च्या करारानं त्या भागात राखीव जमीनही मिळाली. कादंबरीतलं कुटुंब मात्र तोवर बेट सोडून गेलेलं असतं. मुलं हळहळतात. कोयनेत तर परतायला गावच उरलं नाही. तरी इथलंही भांडण थांबलेलं नाही. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलासोबत धरणग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या मांडला, तो पर्यायी जमिनीसाठीच. काहींना ती अजून मिळायची आहे, हे सांगितल्यावर सातवीतल्या एकानं विचारलं, ‘मग आता देणार ते इतक्या वर्षांच्या व्याजासकट का?’ त्याचे वडील पतपेढीत आहेत.