जिना मोकळा असू द्या

(शहरात माणसे दाटीने राहतात. तेथे एका घराला लागलेली आग साऱ्या इमारतीला धोक्याची असते. आगीपासून बचाव करण्याचे नियम कोणते आणि ते पाळताना कोणती अडचण येते, हे या पाठात एका मुलाने सांगितले आहे.)

एप्रिल महिना होता. आमची वार्षिक परीक्षा नुकतीच संपली होती. मराठीच्या सरांनी आमच्या वर्गाला भायखळ्याचे अग्निशमन केंद्र दाखवायला नेले. आमची शाळा मदनपुऱ्यात आहे. तेथून आम्ही रांगेने चालत निघालो.

केंद्रात लाल रंगाचे बंब ओळीने उभे होते. एका गाडीवर लांबलचक शिडी होती. तेथील एका अधिकाऱ्यांनी आमचे स्वागत केले. प्रथम ते आम्हांला स्मारकाजवळ घेऊन गेले.

ते म्हणाले, "मुलांनो, 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. जहाजाला आग लागली. आमचे जवान ती विझवत होते. दुपारी चार वाजून गेल्यावर जहाजात प्रचंड स्फोट झाला. अर्ध्या तासाने दुसरा झाला. त्या दिवशी दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या आठवणीसाठी 14 ते 20 एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सेवा सप्ताह म्हणून पाळला जातो."

आम्ही सगळे गप्प झालो. मग माझ्या मित्राने विचारले, "साहेब, आग लागली की तुम्ही येताच. मग आम्ही काय करायचे?"

"चांगला प्रश्न आहे," ते म्हणाले. "आग दिसताच 101 क्रमांकावर फोन करा. पत्ता सांगा, जवळची खूण सांगा, काय पेटले आहे आणि कोणी अडकले आहे का, तेही सांगा. पण आम्ही पोहोचेपर्यंत काही मिनिटे जातातच. तेवढ्या वेळात तुम्ही काय करता, यावर पुष्कळ अवलंबून असते."

त्यांनी एकेक गोष्ट समजावून दिली. कढईतले तेल पेटले, तर त्यावर पाणी ओतू नये. पाण्याची एकदम वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडते. जमेल तर गॅस बंद करावा आणि कढईवर झाकण ठेवावे. विजेच्या तारा पेटल्या, तर मुख्य बटण बंद करावे. तेथेही पाणी मारू नये. स्वयंपाकाच्या गॅसचा वास आला, तर विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साचतो आणि एका ठिणगीने भडकतो. म्हणून आधी शेगडी व सिलिंडर बंद करावा आणि दारे-खिडक्या उघडाव्यात.

"आगीत पुष्कळ माणसे ज्वाळांनी नव्हे, तर धुराने दगावतात," ते पुढे म्हणाले. "गरम धूर वर चढतो. म्हणून धुरातून जाताना खाली वाकून किंवा रांगत जावे. लिफ्ट वापरू नये. वीज गेली, तर माणूस आत अडकतो. जिनाच धुराने भरला असेल, तर खोलीत थांबावे. दार लावून घ्यावे, फटीत ओले कापड कोंबावे आणि खिडकीतून हात हलवून मदत मागावी."

"आणि कायदा काय सांगतो?" सरांनी विचारले.

"महाराष्ट्रात आग प्रतिबंधासाठी 2006 सालचा स्वतंत्र कायदा आहे. आगीपासून बचावाची साधने बसवणे आणि ती चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांची आहे. अशी यंत्रणा असलेल्या इमारतींनी वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून तिचे प्रमाणपत्र घ्यायचे असते. धोका फार असेल, तर इमारत रिकामी करण्याचा किंवा तिची वीज व पाणी तोडण्याचा आदेशही देता येतो. पण सगळ्यांत साधा नियम सगळ्यांसाठी सारखाच आहे. बाहेर पडण्याची वाट अडवायची नाही. जिन्यात सामान ठेवायचे नाही. बंब येण्याच्या वाटेवर गाड्या लावायच्या नाहीत. फोम, रेक्झिन, प्लास्टिक यांचा धूर तर विषारी असतो. असा माल जिन्यात असेल, तर वाटच पेटते."

हे ऐकले आणि मी मान खाली घातली. माझे अब्बा शाळेची दप्तरे शिवण्याचा धंदा करतात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. आमच्या जिन्यात रेक्झिनचे गठ्ठे आणि फोमच्या गुंडाळ्या रचलेल्या असतात. त्या अब्बांच्याच आहेत.

संध्याकाळी मी भीत भीत अब्बांना सगळे सांगितले. त्यांनी मशीन थांबवले.

"बेटा, साहेबांचे खरे आहे. पण गोदामाचे भाडे कोण देणार? दहा वर्षे माल तिथेच आहे. कधी काही झाले का?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. अम्मी काही बोलली नाही. मी पुस्तक उघडून बसलो, पण लक्ष लागेना.

रात्री अचानक इमारतीतली वीज गेली. दादी पहिल्या मजल्यावर शेजारणीकडे गेली होती. अब्बा टॉर्च घेऊन खाली निघाले. मीही मागे गेलो. दोन जिने उतरलो, तर दादी पायरीवर बसलेली दिसली. तिच्या चपलेचा एक जोड कुठे दिसत नव्हता.

"अम्मी, पडलीस का?" अब्बांनी घाबरून विचारले.

"नाही बेटा. कठडा धरायला गेले, तर हाताला गठ्ठेच लागले. पाय कुठे टाकावा कळेना, म्हणून बसून राहिले. म्हटले, कोणीतरी येईल."

अब्बांनी तिला हात देऊन उठवले. त्यांनी टॉर्चचा उजेड वरपासून खालपर्यंत फिरवला. जिन्याचा निम्मा भाग आमच्या मालाने व्यापला होता. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग दादीला धरून हळूहळू वर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यापाऱ्याकडे गेले. महिन्याचा माल एकदम आणायचा नाही, आठवड्यापुरताच आणायचा, बाकीचा त्याच्या गोदामात राहू द्यायचा, असे ठरले. आता महिन्यातून एकदा नव्हे, तर चारदा हातगाडीचे भाडे द्यावे लागणार होते. अम्मीने वहीत हिशेब मांडला. "ईदच्या कपड्यांत थोडी काटकसर करू," ती म्हणाली.

जिना रिकामा करायला आम्हांला दोन दिवस लागले. एका गठ्ठ्यामागे दादीची चप्पल सापडली. मग अब्बा शेजाऱ्यांकडे गेले. दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी जुने कपाट भंगारात दिले. एका घरचे पिंप मात्र अजून तिथेच आहे. अब्बा म्हणतात, "मला दहा वर्षे लागली. त्यांना दहा दिवस तरी देऊ या."

तळमजल्यावर एक सूचना लावायचे ठरले. अब्बा मला म्हणाले, "तूच लिही. मराठीत लिही आणि उर्दूतही."

मी लिहायला बसलो. 'जिना मोकळा ठेवा' हे वाक्य आधी मराठीत लिहिले. उर्दूत लिहिताना माझ्या लक्षात आले, की 'जिना' हा शब्द बदलावाच लागत नाही.

शब्दार्थ

गोदी – जहाजे थांबण्याची जागा
दगावणे – मरण पावणे
भोगवटादार – जागा प्रत्यक्ष वापरणारा
परवानाधारक – ज्याच्याकडे परवाना आहे असा
कठडा – जिन्याच्या कडेचा आधार
काटकसर – कमी खर्चात भागवणे
वाट अडवणे – जाण्यायेण्याचा रस्ता बंद करणे

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 14 एप्रिल 1944 रोजी अग्निशमन दलाचे किती जवान मृत्युमुखी पडले?
(आ) आग दिसताच कोणत्या क्रमांकावर फोन करावा?
(इ) दादी पायरीवर का बसली होती?

2. कारणे लिहा.
(अ) पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये.
(आ) आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये.
(इ) धुरातून जाताना खाली वाकून जावे.

3. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अब्बांना जिन्यातील माल हलवणे कठीण का वाटत होते?
(आ) त्यांनी कोणता मार्ग काढला? त्यासाठी घरातल्यांना काय सोसावे लागले?

4. जिना, इमारत, नुकसान, खबर, मदत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

5. उपक्रम : तुमच्या इमारतीचा जिना, मीटरची जागा आणि फाटक पाहून या. कोठे वाट अडलेली आहे, ते वहीत लिहा. रहिवाशांसाठी पाच ओळींची सूचना मराठीत तयार करा.