पोथ्यांची वंशावळ आणि जनुकशास्त्राची साधने

म्हैसूर येथे १८९१ मध्ये स्थापन झालेल्या प्राच्य ग्रंथालयात (आताची प्राच्य संशोधन संस्था) तंजावरकडील एका पंडिताने ग्रंथलिपीतील एक ताडपत्र-पोथी आणून दिली. मुख्यतः तिच्याच आधारे शामशास्त्र्यांनी १९०९ मध्ये कौटिलीय अर्थशास्त्र छापले. आधार असा एकेरी असल्यामुळे पोथ्यांच्या नात्याचा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा उभा राहिला नाही. पुढे मलयाळम लिपीतील पोथ्या उपलब्ध झाल्या, पाटणच्या भांडारातून देवनागरीतील एक त्रुटित प्रत मिळाली. आणि मुंबई विद्यापीठासाठी चिकित्सक आवृत्ती (१९६०) सिद्ध करणाऱ्या र. पं. कंगले यांना कोणती पोथी कोणाच्या कुळातली, हे पाहणे भाग पडले.

जनुकशास्त्रज्ञाचा प्रश्न याहून फारसा निराळा नाही. डीएनएची साखळी चार अक्षरांत लिहिलेली असते. तिची नक्कल होताना क्वचित चूक राहते आणि ती वंशजांत उतरते. अशी एकच विशिष्ट चूक अनेकांत आढळली, तर त्यांचा पूर्वज एक असण्याचा संभव वाढतो. पाठचिकित्सकही शुद्ध पाठांच्या एकमतापेक्षा समान प्रमादांनाच अधिक महत्त्व देत आला आहे.

नवशिक्याने प्रारंभी पोथीला हात न लावता तयार साखळ्यांवर सराव करावा. अमेरिकेतील जेनबँक (१९८२) तसेच युरोप व जपान येथील भांडारे परस्परांत देवाणघेवाण करतात आणि ती सर्वांना खुली आहेत. भारतात फरिदाबादचे जैविक डेटा केंद्र २०२२ पासून आहे. म्हैसुरातील अभ्यासकाने रेशीमकिड्याची साखळी घ्यावी, त्याच्या रानटी आप्ताची शेजारी ठेवावी. साखळीसदृश नोंदी हुडकण्यासाठी ब्लास्ट (१९९०) आणि अनेक साखळ्यांची जुळवणी करण्यासाठी क्लस्टल (१९८८) ही साधने पुरेशी आहेत. जुळवणी म्हणजे गाळलेल्या जागी मोकळी घरे सोडून समस्थानी अक्षरे एका स्तंभात आणणे. पाठभेदांचा तक्ता करणाऱ्यास हे काम अपरिचित नाही.

पोथ्यांचा तक्ता मात्र हातानेच करावा लागतो: ओळीत पोथी, स्तंभात पाठस्थान. येथे दोन गोष्टींत हमखास घोटाळा होतो. पान गहाळ असणे आणि लेखनिकाने ओवी गाळणे या वेगळ्या घटना आहेत. पहिलीस प्रश्नचिन्ह, दुसरीस स्वतंत्र खूण द्यावी. एकच खूण वापरल्यास केवळ पाने हरवलेल्या पोथ्या एका कुळात जाऊन बसतात. दुसरे असे, की ऱ्हस्वदीर्घ आणि अनुस्वार यांत मराठी लेखनिक आपल्या सवयीने लिहितो, समोरच्या प्रतीप्रमाणे नव्हे. असे भेद मोजले तर वृक्ष पोथ्यांचा न होता लेखनिकांच्या सवयींचा होतो.

ही पद्धत निव्वळ कल्पना नव्हे. चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका प्रस्तावनेच्या ५८ पोथ्यांचा अभ्यास याच साधनांनी होऊन १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठीत अडचण वेगळीच आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला. म्हणजे त्या शुद्ध प्रतीला एक जनक नाही, अनेक आहेत. वृक्ष काढणारे साधन मात्र प्रत्येकीस एकच जनक देते, आणि तेही निःसंकोच. जीवाणू परस्परांत जनुके देतात तेव्हा जीवशास्त्रज्ञही याच पेचात सापडतो. त्यासाठी स्प्लिट्सट्रीसारखे जाळे काढणारे साधन वापरावे. फांद्यांऐवजी चौकटी दिसू लागल्या, की तेथे पाठांची सरमिसळ झाली असावी असे धरून मूळ पोथ्या पुन्हा वाचाव्यात.

अशा बहुतेक आकृत्यांना मूळही नसते. कोणते टोक जुने, हे त्या सांगत नाहीत. जीवशास्त्रज्ञ बाहेरचा आप्त जोडून मूळ ठरवतो. ज्ञानेश्वरीला असा आप्त कोठून आणावा? तेथे दोन पाठ समोरासमोर ठेवून कोणता कोणातून निघू शकतो, हे भाषा आणि छंद जाणणाऱ्यानेच ठरवावे लागते आणि तो निर्णय तक्त्याशेजारी कारणासह लिहून ठेवावा लागतो.