दाढेला कॅप बसवायची आहे? काम अर्धवट सोडू नका



पौर्णिमेला विहारात मंडळी जमली की वंदनेनंतर दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतातच. अशाच एका पौर्णिमेला नांदेडच्या एका ताईंनी आम्हाला आपल्या दाढेची रिकामी जागा दाखवली. दाढेचे रूट कॅनल झाले, ठणका थांबला. डॉक्टरांनी कॅप बसवायला सांगितली होती. पण तेवढ्यात लेकराची फी आली. ‘आता दुखत तर नाही,’ म्हणून कॅप राहून गेली. सहा महिन्यांनी कडक भाकर चावताना दाढ उभी चिरली. चीर हिरडीखाली गेली होती, त्यामुळे दाढ काढावीच लागली. रूट कॅनलचा पैसाही गेला आणि दाढही गेली.

कॅप कशासाठी?

रूट कॅनल करताना किडलेला भाग कोरून काढतात, दाढेच्या मधोमध वाट पाडतात. मसाला भरला तरी उरलेल्या भिंती पातळच असतात. कॅप म्हणजे दाढेला सगळीकडून धरणारे कवच. म्हणून रूट कॅनल केलेल्या दाढेला बहुतेक वेळा कॅप लागते. मात्र प्रत्येक किडक्या दाताला ती लागत नाही. कीड लहान असेल तर नुसते भरूनही भागते. पुढच्या दातांनाही रूट कॅनलनंतर दर वेळी गरज नसते.

दवाखान्यात काय होते?

साधारण दोन खेपा होतात. पहिल्या खेपेला एक्स-रे पाहतात, गरज असेल तर बधिर करण्याचे इंजेक्शन देतात आणि दाढ चोहोबाजूंनी थोडी घासतात. मग माप घेऊन लॅबला पाठवतात आणि तोवर तात्पुरती कॅप लावतात. जाताना उपाशी जाऊ नका. बधिरपणा दोन-तीन तास राहतो. तो उतरेपर्यंत खाऊ नका, गाल किंवा ओठ चावला जातो. तात्पुरती कॅप असेपर्यंत चिक्की, तिळगूळ, सुपारी टाळा आणि दुसऱ्या बाजूने चावा.

काही दिवसांनी कॅप तयार होऊन येते. डॉक्टर ती बसवून रंगीत कागद चावायला देतात. दात मिटल्यावर कॅप आधी टेकते असे वाटले तर संकोच न करता तिथेच सांगा. ती घासून बरोबर करता येते. सगळे जुळल्यावरच ती पक्की चिकटवतात.

शुगर, बीपी, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

कोणती कॅप घ्यावी?

धातूची कॅप चांदीसारखी दिसते, स्वस्त पडते, मजबूत असते आणि तिच्यासाठी दाढ कमी घासावी लागते. आत धातू, वर सिरॅमिक असलेली कॅप दातासारखी दिसते. तिचे सिरॅमिक कधी कधी टवका उडून फुटते. झिरकोनियाची कॅप सहसा सर्वांत महाग. मागची दाढ कुणाला दिसत नाही. तिथे धातूची कॅप घेतली म्हणून काही कमीपणा नाही. महाग कॅपसाठी पैसे साठवत वर्ष घालवण्यापेक्षा धातूची कॅप वेळेत बसवलेली बरी.

खर्चाचे काय?

रूट कॅनल सुरू करण्याआधीच विचारा: कॅप धरून एकूण किती? किती खेपा? हप्त्याने चालेल का? कॅप निघाली तर परत बसवण्याचे पैसे लागतील का? आकडा कागदावर लिहून घ्या.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर दंत महाविद्यालयात चौकशी करा. नांदेडला विष्णुपुरी भागात आणि लातूरला अंबाजोगाई रस्त्यावर दंत महाविद्यालय आहे. सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे. अशा ठिकाणी शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त होतात, पण खर्च सहसा कमी येतो.

रस्त्याकडेला बसून दात लावून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. खालची कीड तशीच ठेवून वरून दात चिकटवला की आत पू होतो, शेजारचे दातही हलायला लागतात. दंतवैद्यांची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. नोंदणी आहे का, हे विचारणे आपला हक्क आहे.

कॅप बसल्यावर

काही दिवस थंड-गरम झोंबू शकते. पण चावताना दुखत राहिले, सूज आली, ताप आला तर लगेच दाखवा. कॅप निघाली तर धुऊन जपून ठेवा आणि घेऊन जा. घरातल्या गोंदाने चिकटवू नका.

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या काठाखालच्या दाताला लागते. म्हणून रोज दोनदा, हिरडीच्या कडेपर्यंत ब्रश करा. मिश्री, तंबाखू आणि गुटखा हिरड्यांची नासाडी करतात. सुपारी आणि हाडूक त्या दाढेने फोडू नका. नीट सांभाळलेली कॅप दहा-पंधरा वर्षेही टिकते.

दाढ काढून पुढे पक्का दात लावायचा म्हटले, तर अनेकदा आजूबाजूचे दोन चांगले दात घासून तीन कॅपचा जोडदात करावा लागतो. म्हणजे आज वाचवलेला एका कॅपचा खर्च उद्या तिप्पट होऊन येऊ शकतो. तुमच्या घरात कुणाची रूट कॅनल झालेली दाढ कॅपवाचून राहिली असेल, तर ती दुखायची वाट पाहू नका. या आठवड्यातच दाखवून या.