पाण्याला पायऱ्या

सुरुवातीलाच एक कबुली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत निबंध लिहायचा म्हटलं की मला अजूनही घाम फुटतो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण हा विषय मला मराठीतच सुचला, कारण यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला माझ्या आजीने सांगितली आणि आजीला इंग्लिश येत नाही.

आमचं घर नगरजवळ केडगावला, पुणे रोडच्या आत. (२०२४ पासून जिल्ह्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर आहे, पण एस.टी.त बसताना तोंडातून अजून ‘नगर’च निघतं.) आमच्याकडे पाऊस बेताचा. मार्च लागला की अंगणातल्या नळाखाली चिमण्या, साळुंक्या, बुलबुल आणि होले थेंबाथेंबासाठी भांडतात. सेकंड इयरला सिव्हिलमध्ये काँक्रीट शिकल्यावर माझ्या डोक्यात आलं, आपण पक्ष्यांसाठी एक छोटा तलाव का करू नये? गवंडीकाका शेजारीच राहतात. त्यांच्याकडून थोडं सिमेंट, थोडी वाळू आणली आणि एक गोल कुंडी तयार केली. आतला व्यास ६० सेंटिमीटर, खोली ३५. आतून मी स्वतः थापीने घोटून घोटून इतकी गुळगुळीत केली, की काका म्हणाले, “पोरीचा हात बसला बघा!” मला केवढा अभिमान वाटला!

त्या गुळगुळीतपणानेच घात केला.

मे महिन्यात आम्ही सगळे लग्नाला आठ दिवस गावी गेलो. परत आलो तर कुंडीत खारीचं एक पिल्लू मरून तरंगत होतं. पाणी काही आटलेलं नव्हतं, फक्त आठ-दहा सेंटिमीटर खाली गेलं होतं. काठाच्या आत ओल्या सिमेंटवर नखांचे बारीक ओरखडे होते. त्या दिवशी मी जेवले नाही. आजी मात्र कुंडीजवळ बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, “आगं, जुन्या बारवंला पायऱ्या का असत्यात? माणसासाठी नुसत्या नसत्यात. पाण्यात उतरायची वाट केली तर वर यायची बी करावी लागती.”

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरी, बाल्कनीत किंवा हॉस्टेलच्या मागे असा टब, हौद किंवा ड्रम आहे, त्यांनी माझ्या चुकीतून शिकावं.

धोका नेमका कुठे असतो?

आपल्याला वाटतं, धोका खोल पाण्याचा. खरं तर धोका पाणी आणि काठ यांच्यामधल्या कोरड्या भिंतीचा असतो. धरणाच्या अभ्यासात आपण ‘फ्रीबोर्ड’ शिकतो. पाण्याच्या वर धरणाची जेवढी भिंत शिल्लक, तेवढं धरण सुरक्षित. कुंडीत हेच गणित उलटं होतं. फ्रीबोर्ड जितका जास्त, तितकं पिल्लाचं मरण जवळ.

आणि हा फ्रीबोर्ड रोज वाढतो. दख्खनच्या कोरड्या भागात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने दिवसाला साधारण १ सेंटिमीटर उतरते. माझ्या कुंडीचं क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला जवळजवळ ३ लिटर पाणी हवेत जातं. आठ दिवसांत ८ सेंटिमीटर. सोमवारी सुरक्षित असलेली कुंडी पुढच्या सोमवारी सापळा बनते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

ही काही फक्त माझ्या कुंडीची गोष्ट नाही. २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. प्लॅस्टिकचं अस्तर घातलेल्या शेततळ्याने दुष्काळात कितीतरी बागा वाचल्या. पण ओलं प्लॅस्टिक इतकं निसरडं असतं, की आत पडलेलं कुत्रं काय, पोहता येणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. दर उन्हाळ्यात पेपरात अशा बातम्या येतात. कठडा नसलेल्या विहिरीत बिबट्या पडल्याच्या बातम्या नगर आणि जुन्नर भागाला नवीन नाहीत. तेव्हा वन खात्याचे लोक दोराने खाट किंवा पिंजरा खाली सोडतात. म्हणजे शेवटी काय, तर वर यायची वाटच पुरवतात! बिबट्याला जे लागतं तेच खारीला लागतं, फक्त माप लहान.

माझे तीन प्रयत्न

पहिला प्रयत्न तर सांगितलाच. दुसऱ्या वेळी मी कुंडीच्या मधोमध एक लाकडी फळी तरंगत ठेवली. वाटलं, पाणी खाली गेलं तर फळीही खाली जाईल, प्रश्न मिटला. जूनमध्ये साळुंकीचं नुकतं उडायला लागलेलं पिल्लू आत पडलं. मी खिडकीतून बघत होते. ते भिंतीला घासत गोल गोल फिरत राहिलं. फळी वीतभर अंतरावर होती, पण ते तिकडे वळलंच नाही. आजीने पिठाच्या चाळणीने त्याला वर काढलं म्हणून वाचलं. त्या दिवशी कळलं, की बुडणारा जीव मध्यभागी येत नाही, तो काठ धरून फिरतो. शिवाय पातळी उतरल्यावर फळीवर चढला तरी काठ लांबच राहतो.

नंतर वाचनात आलं, की अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत गुरांच्या पाण्याच्या हौदांत पक्षी, वटवाघळं वगैरेंसाठी सुटकेचे उतार बसवतात. त्यांचे नियम तीन. उतार भिंतीला चिकटलेला हवा, तळापर्यंत पोहोचलेला हवा, आणि ४५ अंशांपेक्षा तीव्र नको. आजीची बारव आणि त्यांचा हौद शेवटी एकाच उत्तरावर आले.

तिसरा प्रयत्न: विटांचा जिना

आपल्याकडची साधी वीट साधारण २३ सेंटिमीटर लांब, १० रुंद आणि ७.५ जाड असते. भिंतीला लागून आडवी ४ विटांची थप्पी, तिच्यापुढे ३ ची, मग २ ची, मग १. एकूण १० विटा. प्रत्येक पायरी ७.५ उंच आणि १० रुंद. गणितवाल्यांनी ओळखलं असेल, हा ३-४-५ चा काटकोन त्रिकोण! कोन सुमारे ३७ अंश, म्हणजे ४५ च्या आत.

आता गंमत बघा. ४ विटांची उंची ३० सेंटिमीटर. पाणी ३३ सेंटिमीटरपर्यंत भरलं, की वरच्या पायरीवर फक्त ३ सेंटिमीटर पाणी राहतं. चिमणी, बुलबुल यांना आंघोळीला एवढंच पाणी लागतं. म्हणजे जिना तो जिना आणि न्हाणीघर ते न्हाणीघर.

पण काही गोष्टी विसरू नका :

१) गोल भिंत आणि सरळ वीट यांच्यात फट राहते. त्यात खडी ठासून भरा, नाहीतर पिल्लू तिथेच अडकेल.

२) जिन्याच्या दोन्ही बाजूंना तळापासून वरपर्यंत ओबडधोबड काळे दगड उतरते रचा. भिंत धरून कुठल्याही दिशेने आलेला जीव थेट उतारावर आदळला पाहिजे. दगड हाताने हलवून बघा, डुगडुगता कामा नये.

३) वरच्या पायरीच्या एका बाजूला काठाच्या उंचीचा एक खडबडीत दगड ठेवा. शेवटचे ५ सेंटिमीटर तोच चढवतो.

४) पॉलिश केलेला कडप्पा, टाइल किंवा प्लॅस्टिकची शिडी नको. ओली झाली की निसरडी होते.

मग चाचणी घ्या. कुंडी पूर्ण, अर्धी आणि पाव भरून, प्रत्येक पातळीला बोट भिंतीवरून गोल फिरवा. कुठूनही निघालात तरी बोट पायरीला किंवा दगडाला लागून काठापर्यंत न अडखळता आलं, तर कुंडी पास. तिन्हीपैकी एकात जरी अडखळलं तरी ए.टी.के.टी.!

मांजर, कुत्रा आणि बाळ

ओल्या पंखांचा पक्षी पटकन उडू शकत नाही आणि हे मांजराला पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे कुंडीभोवती दोन मीटर तरी मोकळी जागा ठेवा. दाट झुडूप अगदी लागून नको, पण उडून बसायला थोड्या अंतरावर एखादी फांदी हवी.

कुंडीवर नायलॉनची जाळी कधीच टाकू नका. त्यात पक्ष्यांचे पाय आणि सापही अडकतात.

काठाजवळ कण्हेर असेल तर कुंडी हलवा. कण्हेरीचं पान, फूल, सगळंच विषारी, हृदयावर परिणाम करणारं. पाणी हिरव्या रंगासारखं दाट झालं किंवा वर साय आली तर कुत्र्याला पिऊ देऊ नका. काही निळ्या-हिरव्या शेवाळांत विष असतं. उंदरांचा वावर असेल तर त्यांच्या मुतातून लेप्टोचा धोका कुत्र्यालाही असतो आणि माणसालाही. कुत्र्याचं पाणी वेगळ्या भांड्यात ठेवणंच बरं.

आणि घरात रांगणारं बाळ असेल तर जिना असो नसो, मजबूत लोखंडी झाकण किंवा कुंपण लागतंच. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. माझ्या ताईची मुलगी आली की आम्ही सरळ कुंडी रिकामी करतो.

डासांचं काय?

हा प्रश्न रेक्टर सर नक्की विचारणार, म्हणून आधीच उत्तर देते. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणूनच आरोग्य खातं आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. भिंत ब्रशने घासायलाच हवी.

मी दोन भांडी केली आहेत. पक्ष्यांच्या पिण्यासाठी मातीचं पसरट परळ. ते रोज ओतायचं, घासायचं आणि उन्हात वाळवून पुन्हा भरायचं, कारण एकाच घाण भांड्यातून पारवे-होल्यांमध्ये रोग पसरतात. मोठ्या कुंडीत गप्पी मासे, ते डासांच्या अळ्या खातात. बऱ्याच ठिकाणी आरोग्य विभाग ते फुकट देतो. पण हे मासे बाहेरच्या देशातले आहेत, ते सीना नदीत किंवा ओढ्यात सोडू नका. जलपर्णीचंही तेच. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मग घाला, म्हणजे क्लोरीन उडून जातं. फिनेल आणि ब्लीचिंग पावडर कुंडीच्या आसपासही नको.

आणखी दोन सूचना. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो, म्हणून दोन-तीन आठवडे पाणी भरून ओतत राहा, मगच मासे सोडा. आणि भंगारवाल्याकडचा निळा ड्रम स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. त्यात आधी कुठलं केमिकल होतं हे त्यालाही माहीत नसतं.

गच्चीवर ठेवणार असाल तर वजन मोजा. पाणी, विटा आणि कुंडी मिळून दीडशे किलोच्या आसपास जातं. तेवढ्या जागेत हे चौरस मीटरला पाचशे किलोच्या वर झालं, आणि वापरातल्या गच्चीचा डिझाइन लोड आय.एस. ८७५ प्रमाणे साधारण दीडशे. तो लोड सगळ्या स्लॅबवर पसरलेला धरतात, त्यामुळे एका कुंडीने लगेच स्लॅब पडणार नाही. पण स्लॅबच्या मधोमध ओळीने चार कुंड्या मांडू नका. खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच ठेवा.

शेवटी

जिना केल्याला आता वर्ष होऊन गेलं. मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा पहाटे एक खार वरच्या दगडावर बसून पाणी पीत होती. तिचा पाय सटकला, ती पाण्यात पडली, दगडाला आपटली आणि टुणकन वर येऊन शेपटी झटकून निघून गेली. जेमतेम चार सेकंद. आजी तुळशीला पाणी घालत होती. तिने बघितलं आणि काहीच बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघून मान हलवली. व्हायव्हामध्ये आउट ऑफ मार्क्स मिळाले असते तरी एवढा आनंद झाला नसता.

आपल्या हॉस्टेलमध्ये मेसच्या मागे एक उघडा हौद आहे, तो अर्धा रिकामा असतो. भिंती उभ्या आणि गुळगुळीत. मनी मांजरीला पिल्लं झाली आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, कारण मेसचं दूध कमी पडतंय! माळीमामांशी मी बोलले आहे, ते तयार आहेत. हौद खोल आहे म्हणून विटा जास्त लागतील, पण साइटवरच्या तुटक्या विटा चालतील. रविवारी सकाळी दहा वाजता यायचं. ज्यांना असाइनमेंट आहे त्यांनी निदान एक वीट तरी उचलावी.

सेतू बांधताना खारीने वाळूचे कण आणले, म्हणून आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो. रामाच्या त्या साइटवर तिने आपल्याला मदत केली. आपण इंजिनिअर होणार आहोत. तिच्यासाठी चार पायऱ्या बांधणं, हा आपला वाटा.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)