नीटचा तिसरा फेरा थांबवा, नर्सिंगकडे नीट पाहा

बारावीचे निकाल लागले की ब्रह्मपुरी, राजुरा, कुरखेडा, अहेरी इथून फोन सुरू होतात आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. मुलीला नीटमध्ये तीनशेच्या आसपास गुण पडले, अजून एक वर्ष नागपूरला क्लास लावू का? मुलगा दोनदा बसला, आता लातूरला पाठवू का? आणि सगळे बोलून झाल्यावर, आवाज खाली आणून शेवटचा प्रश्न येतो: काहीच जमले नाही तर नर्सिंग चालेल का हो?

या शेवटच्या प्रश्नाचा सूर मला मान्य नाही. ज्या घरात नर्सिंगचे नाव असे खालच्या आवाजात घेतले जाते, तिथली मुलगी ते शिकायला जाते तीच मुळी हरल्यासारखी. आणि चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांत तर ही समजूत अगदीच चुकीची आहे.

आधी नीटचे बोलू. एकदा रिपीट करायला माझी हरकत नसते. आश्रमशाळेत विज्ञानाचे शिक्षक वर्षभर मिळाले नसतील, अभ्यासाची रीत उशिरा सापडली असेल, तर एक वर्ष देणे रास्त आहे. पण दुसऱ्या वर्षीही गुण तिथेच घुटमळत असतील तर तिसरे वर्ष मागू नका. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुले बसली आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखही नव्हत्या. आपल्या प्रवर्गाचा नंबर मागच्या वर्षी किती गुणांवर थांबला ते सीईटी कक्षाच्या यादीत स्वतः पाहा. तो आकडा आणि मुलीचे गुण यांत शंभर-दीडशेचे अंतर असेल तर क्लासवाला काय सांगतो याला अर्थ नाही. त्याला पुढच्या वर्षीची फी हवी आहे. धान विकून आलेला पैसा आणि मुलीची अठरा ते एकवीस ही वर्षे तुम्ही त्याच्या हातात देत आहात. बीएएमएस, फार्मसी, कृषी, पोलीस भरती या वाटा तुम्हाला माहीत आहेत, त्यांवर मी वेगळे काही सांगत नाही.

नर्सिंगचे टप्पे थोडक्यात सांगतो. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे; दोन्हींना बारावीची कोणतीही शाखा चालते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते आणि राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते, म्हणजे वाट बंद होत नाही. जीएनएम किंवा बीएस्सीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाली की तुम्ही नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत सुईण, म्हणजे आरएनआरएम. एएनएमची नोंदणी वेगळी असते. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. ‘नर्सिंग असिस्टंट’ किंवा ‘पेशंट केअर’ नावाचा सहा महिन्यांचा कोर्स करून ही नोंदणी मिळत नाही. फलकावर पांढऱ्या टोपीतल्या मुलीचा फोटो असला तरी मिळत नाही.

आता कामाचे. पुण्या-मुंबईच्या मोठ्या खासगी रुग्णालयात परिचारिकेच्या डोक्यावर डॉक्टरांच्या तीन पायऱ्या असतात. भामरागड, एटापल्ली, कोरची, जिवती इथले चित्र वेगळे आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असा निकष आहे, पण हे तीन हजार लोक एका गावात राहत नाहीत, जंगलातल्या कितीतरी टोल्यांत विखुरलेले असतात. उपकेंद्रात डॉक्टर नसतो. ताप आलेल्या पोराचे बोट टोचून रॅपिड किटवर मलेरिया पाहायचा, फाल्सिपेरम निघाला तर त्याच दिवशी औषध सुरू करायचे, हे नर्सबाईच करते. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे, त्यामुळे हे तिचे रोजचे काम आहे. सिकलसेलचा रुग्ण अंगदुखीने तळमळत आला तर त्याला भरपूर पाणी, वेदनाशामक, ऊब द्यायची आणि कोणाला पुढे धाडायचे हे ओळखायचे. साप चावलेला माणूस खाटेवर घालून आणला तर आधी मांत्रिकाकडे वेळ गेला का ते विचारत बसायचे नाही, १०८ ला फोन लावायचा आणि सर्पविषावरचे प्रतिविष असलेल्या रुग्णालयाकडे त्याला रवाना करायचे.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. त्याआधीच दिवस भरत आलेल्या बायांची यादी काढून, सासू-नवऱ्याची समजूत घालून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर बायांच्या निवासात, आणून ठेवावे लागते. हे काम औषधाच्या पुस्तकात नाही. ज्या गावांत पाळीच्या दिवसांत बाई कुर्माघरात राहते, तिथे तिच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे हेही पुस्तकात नाही. पण माता आणि बाळ जगणार की नाही, हे पुष्कळदा इथेच ठरते.

याचा पुरावाही याच जिल्ह्यातला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. त्या घरी जाऊन नवजात बाळाचे वजन करायच्या, त्याला ऊब द्यायच्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. शेजारच्या गावांशी तुलना केली तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी निघाले. १९९९ मध्ये हे संशोधन ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि २०११ पासून देशभरातल्या आशा कार्यकर्त्या त्याच धर्तीवर घरभेटी देतात. कमी शिकलेल्या बाईने नीट शिकून एवढे केले, तर चार वर्षे शिकलेली, नोंदणी असलेली परिचारिका याच मातीत काय करू शकेल याचा हिशोब पालकांनी करावा.

म्हणूनच समुदाय आरोग्य अधिकारी या पदाकडे मी आवर्जून लक्ष वेधतो. २०१८ मध्ये आयुष्मान भारत सुरू झाल्यापासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथली जबाबदारी या अधिकाऱ्याकडे असते आणि नर्सिंग झालेल्यांना या पदाचा दरवाजा उघडा आहे. रक्तदाब, मधुमेह, कर्करोगाची प्राथमिक तपासणी, औषधांचे वाटप, दूरध्वनीवरून डॉक्टरांचा सल्ला हे सगळे ती बघते. पद कंत्राटी आहे हे आधीच सांगतो, तरी तिथे एका वर्षात जे शिकायला मिळते ते शहरातल्या वॉर्डात पाच वर्षांत मिळत नाही.

पगाराबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. सरकारी सेवेत अधिपरिचारिकेची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होऊन १,१२,४०० पर्यंत जाते आणि भत्ते वेगळे. जिल्हा परिषदेच्या आरोग्य सेविकेची २५,५०० पासून. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात नेमणूक असेल तर ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वरची वेतनश्रेणी लागते. नियमित भरती मात्र कधी निघेल ते तुमच्या हातात नसते. तोवर खासगी रुग्णालय असते आणि तिथली स्थिती वाईट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१६ मध्ये केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला २० हजारांपेक्षा कमी पगार देऊ नये. ती शिफारसच राहिली. आज तालुक्याच्या गावात नोंदणीकृत मुलीला त्याहून कितीतरी कमी रक्कम सांगणारे मालक सापडतात. अशा ठिकाणी हात बसेपर्यंत राहा, अनुभवाचे प्रमाणपत्र घ्या आणि निघा. तीन पाळ्या, दर महिन्याला येणारी नाईट, उभे राहून दुखणारे पाय, नातेवाइकांची आरडाओरड हे पूर्णवेळ कामात येणारच. ज्या मुलीला रक्त पाहवत नाही, तिला ओढून नेऊ नका.

कॉलेज निवडताना बहुतेकांचे नुकसान होते. संस्थेला मान्यता भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची आहे का, बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्नता आहे का, हे कागदावर पाहा. पण तेवढ्यावर थांबू नका. रुग्णालय कुठे आहे ते विचारा आणि प्रवेशाआधी एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी, न सांगता, तिथे जा. खाटा भरलेल्या आहेत का? प्रसूतिगृह चालू आहे का? एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असावेत असा निकष आहे. वॉर्ड ओस पडलेला, गाद्यांवर प्लास्टिक तसेच आणि हजेरीपट भरलेला दिसला तर तिथून उठा. ‘यायची गरज नाही, परीक्षेला या’ असे जे कॉलेज सांगते, ते तुमच्या मुलीला फसवते आणि तिच्या हाती पडणाऱ्या रुग्णालाही. गर्दी असलेले, भिंतींचा रंग उडालेले सरकारी रुग्णालय शिकायला हजारपट चांगले.

हल्ली जर्मनीचीही चौकशी होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून ही लाट आहे. जाणाऱ्यांना माझा विरोध नाही. पण तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला साधारणपणे बी-टू पातळीची जर्मन भाषा लागते आणि ती दोन महिन्यांत येत नाही. पहिल्या वर्षातल्या मुलीच्या नावाने एजंटला पैसे भरणारे पालक कृपा करून थांबा. आधी शिक्षण, नोंदणी, दोन वर्षे वॉर्ड, मग भाषा.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. मुलीला नर्सिंगला घालायचे, ‘सेवा आहे’ म्हणून सगळ्यांना सांगायचे, नोकरी लागली की नाईट ड्युटी नको म्हणायचे आणि लग्न ठरताना सासरच्यांना नोकरी सोडायची तयारी दाखवायची, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की आता मला त्याचा राग येतो. तिच्या पगाराचे एटीएम कार्ड बापाच्या किंवा भावाच्या खिशात असते, तेही पाहिले आहे. रात्रपाळी हा या कामाचा गाभा आहे. बाळंतपण दिवस बघून येत नाही. ती मान्य नसेल तर मुलीची चार वर्षे आणि एक सरकारी जागा वाया घालवू नका, ती जागा दुसऱ्या मुलीला मिळू द्या. आणि मुलग्यांनाही विचारा. नर्सिंग बायकांचे काम, हे तुम्ही ठरवलेले आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत २० टक्के जागा पुरुषांसाठी असतात आणि नागपूरचे एम्स तुमच्यापासून फार लांब नाही.

ज्या मुलामुलींच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलतात, सिरोंच्याकडे तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली, त्यांना मुलाखतीच्या इंग्रजीची भीती वाटते. इंग्रजी शिकावे लागेल, पण घरची भाषा लपवू नका. बाळंतवेणांत असलेल्या बाईला तिच्या भाषेत दुखणे विचारणारी परिचारिका या दोन जिल्ह्यांत मिळणे कठीण आहे.

अकरावीत असलेल्यांसाठी एवढेच: जात प्रमाणपत्र हातात असेल तर वैधतेचा अर्ज आत्ताच, महाविद्यालयामार्फत करा. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जुने महसुली कागद शोधायला महिने जातात आणि प्रवेशाची फेरी तुमच्यासाठी थांबत नाही. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव एकच आहे का तेही आजच तपासा. स्पेलिंगच्या एका अक्षरावरून अडकलेला अर्ज सोडवायला गडचिरोलीच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि सिरोंच्याहून त्यातल्या प्रत्येक खेपेला अख्खा दिवस जातो.